बाईंचा आवाज गेला तो हिवाळा

महानंदाचा मोबाईल मी अजून बंद केलेला नाही. माझ्या मोबाईलशेजारी त्यालाही रोज चार्जिंगला लावतो. परवा सकाळी तो वाजला. तिच्या भागातल्या शिक्षकांच्या गटावर निरोप आला होता: 'तंत्रस्नेही शिक्षक प्रशिक्षण सोमवारपासून. सर्वांनी मोबाईल पूर्ण चार्ज करून यावे. डबा सोबत आणावा.' तिला जाऊन दीड वर्ष होत आले, पण गटातून तिचे नाव कुणी काढलेले नाही. विसरले असतील किंवा कुणाचा हात धजला नसेल. यातले दुसरे कारण खरे, असे मी धरून चालतो.

निरोप वाचून मी मागच्या दाराने शेताकडे गेलो. हरभऱ्यावर आंब धरली होती. या दिवसांत पहाटेच्या दवात ती झाडाच्या अंगावर येते आणि त्यातून चालणाऱ्याच्या पायांना चुणचुण होते. ज्वारी पोटऱ्यात आली होती. करडई अजून जमिनीलगत पसरलेली, नुसती हिरवी. तिला फुले यायला महिनाभर तरी अवकाश. किल्लारीच्या बाजूला हिवाळा असा येतो. आधी पायाला कळतो, मग नाकाला आणि सगळ्यात शेवटी स्वेटर काढायला लावतो. असाच एक हिवाळा माझ्या मनात इतर हिवाळ्यांहून वेगळा राहिला आहे. त्या हिवाळ्यात आमच्या घरात महानंदाचा आवाज नव्हता, आणि तरी तो आमच्या संसारातला सगळ्यात बोलका हिवाळा होता.

मी मूळचा नायगावचा. नोकरी लातूरला, एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून झाली. ग्रंथालयात फार बोलावे लागत नाही, म्हणून ती मला मानवली. त्या हिवाळ्यात मी निवृत्त होऊन घरीच होतो. महानंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत होती आणि जवळजवळ सगळी नोकरी तिने पहिलीच्या वर्गावर काढली. भूकंपानंतर नव्याने वसलेल्या गावातली ही शाळा. गावाचे रस्ते रुंद, घरे एकाच मापाची आणि मधे भरपूर मोकळी जागा. तिचा आवाज त्या सगळ्या मोकळ्या जागेत पोचत असे. फाट्यावर जीपची वाट बघणारी माणसे म्हणायची, "बाईंमुळं आमची बाराखडी पुन्हा पक्की झाली." ती रागावली तर शेजारच्या वर्गातली मुले गप्प व्हायची. मी घरी निम्मे शब्द गिळून बोलतो आणि ती ते पूर्ण करते, अशी आमची वाटणी होती.

मग घशाचे दुखणे निघाले. लातूरला ऑपरेशन झाले. डॉक्टर भले होते, पण त्यांनी गोल गोल सांगितले नाही. आवाज परत येण्याची आशा धरू नका, म्हणाले. आला तरी कुजबुजीपुरता. वर्गात शिकवणे आता विसरा.

घरी आल्यावर तिने पहिल्याच दिवशी शाळेतून पाटी मागवली. लेखणीची पाटी, लाकडी चौकटीची. ती पाटी मांडीवर घेऊन ती बोलू लागली. मला वाटले होते, घर सुनेसुने होईल. झाले उलटेच. दूधवाल्याशी, गॅसवाल्याशी, तिच्या बहिणींच्या फोनवर आता मला बोलावे लागे. भाजीवाल्याशी घासाघीस मी करायची आणि तिने मागे उभे राहून माझ्या पाठीत बोट खुपसायचे, म्हणजे अजून कमी करा. आमच्यात वाद झाला तर ती झरझर लिहून पाटी माझ्यासमोर धरी आणि मी वाचून उत्तर जुळवेपर्यंत पदराने पुसून टाकी. पुरावाच उरत नसे. मी म्हणायचो, "हे काही न्यायाचं नाही." ती खांदे उडवायची.

त्या दिवसांत तिचे केंद्रप्रमुख घरी आले. आसपासच्या शाळा त्यांच्या देखरेखीखाली असत. भला माणूस. येताना पेरू घेऊन आले होते. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"मॅडम, जिवापेक्षा काही मोठं न्हाई. तुमी आता ऑफिसचं बघा. माहिती भरायची, पोषण आहाराचं बघायचं. पहिलीच्या लेकरांला आवाज लागतोय. त्येंला वाचता येत न्हाई, तुमी पाटीवर लिहून कुणाला दावणार?"

प्रश्न बिनतोड होता. महानंदाने पाटी घेतली. एकच शब्द लिहिला: वर्ग.

"हाव, कळतंय मला. पण कसा घेणार?"

तिने लिहिले: प्रशिक्षणाला जाते. नंतर माझा पाठ बघायला या.

त्यांनी कप खाली ठेवला. "बरं," ते म्हणाले. "संक्रांत होऊ द्या. मग येतो. पाठ जमला तर वर्ग तुमचा. न्हाई जमला तर माझं ऐकायचं. कबूल?"

तिने मान हलवली. ते गेल्यावर तिने पेरू कापले, तिखटमीठ लावले आणि माझ्यासमोर बशी ठेवली. स्वतः एकही फोड घेतली नाही.

प्रशिक्षण तालुक्याच्या गावी होते. वर्गात मोबाईल, टॅब, प्रोजेक्टर कसे वापरायचे, पाठ स्वतः कसे तयार करायचे, हे शिकवायला कोल्हापूरकडून साळोखे नावाचे तरुण शिक्षक आले होते. मी स्कूटरवर तिला सोडायचो आणि बाहेर कडुलिंबाखाली पुस्तक घेऊन बसायचो. दुसऱ्या दिवशी साळोखे बाहेर आले. "सर, थंडीत कशाला बसलाय? आत या की. खुर्च्या रिकाम्याच आहेत." तेव्हापासून मीही शेवटच्या रांगेत बसू लागलो. आयुष्यभर पुस्तकांना क्रमांक घातलेला माणूस तिथे चित्राला आवाज कसा जोडायचा ते शिकत होता, आणि मला ते आवडत होते.

सगळ्या खोलीत वायरींचे जाळे पसरलेले. प्रत्येकाचे लक्ष आधी मोबाईल चार्जिंगला लावायच्या जागेकडे, मग साळोख्यांकडे. निवृत्तीला आलेले बिराजदार गुरुजी पहिल्या रांगेत बसत आणि त्यांच्या शंका कधी संपत नसत.

"साळोखे सर, एक इचारू? ह्या यंत्राला हजेरीच्या वेळी 'हजर' म्हणता येतंय का?"

"येतं की गुरुजी. रेकॉर्ड करून ठेवायचं."

"मग झालं तर. त्येला शाळेला धाडतो, मी तुरीच्या राशीला जातो."

खोली हसली. साळोखेही हसले आणि म्हणाले, "पण गुरुजी, पगारपण त्यालाच!"

पाठातला मजकूर आपोआप वाचून दाखवणारी सोय त्यांनी दाखवली तेव्हा महानंदा ताठ बसली. लिहायचे आणि बटण दाबायचे. मोबाईलमधली बाई ते स्वच्छ, कोरड्या मराठीत वाचते. महानंदाने वाक्य लिहिले: 'मुलांनो, आज आपण गोष्ट ऐकूया.' त्या बाईने ते वाचले. महानंदाने माझ्याकडे वळून पाहिले. ऑपरेशननंतर तिचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. त्या संध्याकाळी तिने घरी बसून अख्खा पाठ लिहून काढला.

प्रशिक्षणाला मधे एक दिवस सुट्टी होती, तेव्हा ती तो घेऊन शाळेत वर्गावर गेली. मी व्हरांड्यात होतो. स्पीकर टेबलावर ठेवला, बटण दाबले. मुले सुरुवातीला डोळे विस्फारून ऐकत राहिली. मग चुळबुळ सुरू झाली. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उठली, स्पीकरजवळ गेली आणि त्याला म्हणाली, "बाई, जरा हळू सांगा की." स्पीकर सांगतच राहिला. मुलगी आणखी वाकली. "बाई! हळू!" तरी तेच. मग ती महानंदाकडे वळून काळजीने म्हणाली, "बाई, ह्या बाईला ऐकूच येईना गेलंय."

वर्ग खदखदा हसला. मलाही हसू आले. महानंदाला आले नाही. स्कूटरवर येताना तिचा हात माझ्या खांद्यावर होता, तो नेहमीपेक्षा जड वाटला. घरी आल्यावर तिने पाटीवर लिहिले: 'ती खरं बोलली.' या वेळी तिने ते पुसले नाही. मी पाटी उचलून ठेवायला गेलो तर मान हलवून नको म्हणाली. रात्रीच्या जेवणाच्या वेळी ती पाटी ताटांच्या मधे होती.

आता विचार करताना वाटते, त्या मुलीने आम्हा दोघांपेक्षा आधी नेमकी अडचण ओळखली होती. बोलणारे कुठेही मिळते. पहिलीतल्या मुलाला आपले ऐकणारे हवे असते. ग्रंथालयातही हे मी पाहिले होते. पुस्तक मागायला आलेला विद्यार्थी बऱ्याचदा पुस्तक मागायला आलेला नसतो. पण हे शहाणपण मला आत्ता सुचते आहे. तेव्हा मला इतकेच कळत होते की संक्रांत जवळ येते आहे.

प्रशिक्षणाचे वेळापत्रक वरून आलेले होते आणि त्यात मार्गशीर्षातल्या अमावास्येचा दिवस कामाचा दाखवला होता. साळोख्यांनी आदल्या दिवशी शेवटी सांगितले, "उद्या प्रोजेक्टरचं सत्र. वेळेवर या."

सगळ्यांनी बिराजदार गुरुजींकडे पाहिले.

"उद्या येळवस हाय, सर," बिराजदार गुरुजी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे उद्या हितं तुमी आन् तुमचा प्रोजेक्टर. बाकी सगळा लातूर जिल्हा शेतात."

साळोख्यांना वाटले चेष्टा आहे. मग दहा जण एकदम समजावू लागले: वेळ अमावास्या, गावात माणूस उरत नाही, दुकाने बंद, एस.टी. रिकाम्या, सगळे आपापल्या नाहीतर सोयऱ्यांच्या रानात जेवायला. साळोखे डोके खाजवत म्हणाले, "मग मी एकटा काय करू?" महानंदाने पाटी वर धरली. तिच्यावर लिहिले होते: आमच्या शेतात या.

तिचे माहेर जवळच. भावाने, शिवाप्पाने, कडब्याची कोप उभी केली होती. आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडलेले, ते पांडव. आंबिलीचे मडके घोंगडीत गुंडाळून आणलेले. हिरव्या हरभऱ्याची, तुरीच्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. साळोख्यांना भज्जी म्हणजे तळलेली भजी वाटली होती. द्रोणात हिरवा लगदा बघून ते क्षणभर थांबले आणि नंतर तीनदा मागून घेतला. शिवाप्पा वाढत म्हणाला, "घ्या सर, लाजू नका. आमचे दाजी बगा, नायगावचे, त्येंलाबी पयल्या साली असंच झालतं. आता भांडं चाटायलेत."

पूजा झाली की पिकाभोवती फेरी निघते. पुढचा माणूस आंबील शिंपडत साद घालतो आणि मागचे सगळे ती उचलतात. शब्द अर्धे कानडी. अर्थ कुणालाच धड सांगता येत नाही, पण लय चुकत नाही. महानंदाचे वडील गेल्यापासून ही साद तीच घालायची. बाईमाणसाने पुढे व्हावे का, असे सुरुवातीला कुणीतरी पुटपुटले होते. तिचा आवाज ऐकल्यावर तो प्रश्न पुन्हा निघाला नाही.

त्या वर्षी शिवाप्पाने आंबिलीचा गडवा उचलला आणि बहिणीसमोर धरला. "आक्का, चल."

तिने नकारार्थी मान हलवली. गळ्याकडे बोट केले.

"मला दिसतंय की," तो म्हणाला. "तू चल म्हनलो. वरडायला मागं आमी काय मुके हाव?"

ती पुढे झाली. ज्वारीच्या कडेला उभी राहून तिने मूठभर आंबील घेतली आणि हात वर केला. ओठ हलले, आवाज आला नाही. पण तिचा हात वर गेला त्या क्षणी मागून सगळ्यांनी एकदम साद घातली. तिने आंबील फेकली. पुन्हा हात, पुन्हा साद. तिने मधेच हात खाली धरून ठेवला, तर मागचे सगळे श्वास रोखून थांबले. लेकरे पाय उंचावून बघू लागली. मग तिने एकदम हात वर केला, आणि असा काही गलका उठला की तुरीतले होले उडाले. ती हाताशी खेळू लागली. लांबवायची, तोडायची, फसवायची. फेरी संपली तेव्हा सगळे हसून बेजार झाले होते.

साळोख्यांनी ते मोबाईलवर घेतले होते. जेवणानंतर बोरीखाली बसून त्यांनी ऐकवले. लेकरे मोबाईलवर तुटून पडली. "ह्यो मी हाय!" "ए, मी असा वरडतो व्हय?" "सर, पुन्हा लावा ना. माझा आलाय त्यो लावा." पुन्हा पुन्हा लावले. महानंदा मोबाईलकडे बघत नव्हती, लेकरांच्या तोंडांकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने मातीत काडीने लिहिले: मुलांचा आवाज.

साळोख्यांनी वाचले आणि मांडीवर थाप मारली.

पुढचे दिवस धांदलीचे आणि सुखाचे गेले. चौथीतली मुले पहिलीसाठी गोष्टी सांगणार होती. ती सगळी तीन वर्षांपूर्वी तिच्याच हाताखालून गेलेली. खोलीत आवाज घुमतो, म्हणून साळोख्यांनी युक्ती सांगितली होती: गोधडी पांघरून बोलायचे. शाळेच्या धान्याच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांमधे, गोधडीखाली दोन-दोन पोरे आणि एक मोबाईल. बाहेरून गोधडी हसताना दिसे. आतून आवाज यायचा, "सरक ना जरा," "तुझा पाय लागायलाय," "गप, चालू हाय त्ये!" हे सगळे रेकॉर्ड व्हायचे. समरीन नावाची मुलगी सगळ्यांत चांगली सांगायची. ज्वारीच्या कणसावर बसणाऱ्या पाखराची गोष्ट तिने स्वतःच रचली, आजीच्या शेतावरची.

ती सगळी ध्वनिमुद्रणे महानंदाच्या मोबाईलमध्ये अजून आहेत. भेटायला येणारे विचारतात, "मॅडमचा आवाज असेल ना त्यात?" नाही. एकातही नाही. आवाज होता तेव्हा तो साठवून ठेवावा असे कुणाला सुचले नाही. फाट्यापर्यंत फुकट ऐकू येणारी गोष्ट कोण जपून ठेवतो? सुरुवातीला मला याचे फार वाईट वाटायचे. आता दुपारी जेवण झाल्यावर मी एखादी गोष्ट लावतो. समरीन सांगते, 'पाखरू कणसावर बसलं. मग?' त्या 'मग'चा शेवट ती वर नेते आणि तिथेच धरून ठेवते, ऐकणाऱ्याला पुढे झुकायला लावते. पहिलीत असताना महानंदाकडून ते तिने उचलले, तिच्याही नकळत. शिवाप्पाच्या मुलाचेही तसेच आहे, बिराजदार गुरुजींच्या नातीचेही. गावातली अर्धी पोरे माझ्या बायकोसारखे 'मग' म्हणतात. समरीन आता नववीला आहे. परवा दुकानात भावाला झापत होती, आणि मी साखर घ्यायला गेलेला, उगाच थोडा जास्त वेळ थांबलो.

संक्रांतीनंतर केंद्रप्रमुख आले. करडई फुलली होती. शाळेमागचे शेत पिवळ्या-केशरी काटेरी फुलांनी भरून गेले होते. ते वर्गात सगळ्यांच्या मागे खुर्ची टाकून बसले. मी बाहेर खिडकीशी. महानंदाने फळ्यावर वार आणि तारीख लिहिली, मुलांना सतरंजीवर अर्धगोल बसवले आणि स्पीकर लावला.

समरीनची गोष्ट सुरू झाली. पाखरू कणसावर बसले. आजीने गोफण घेतली. आणि वाक्य पुरे व्हायच्या आत महानंदाने बटण दाबून गोष्ट थांबवली.

"बंद पडलं व्हय?" केंद्रप्रमुखांनी मान उंचावली.

ती टेबलामागून निघून एका मुलासमोर जाऊन उकिडवी बसली. भुवया उंचावल्या. मुलगा घुटमळला. मग म्हणाला, "बाई, गोफण म्हंजे काय?"

तिने पदराचे टोक धरून डोक्याभोवती गरगर फिरवले आणि सोडले. वर्ग उसळला. "दगूड! दगूड मारायचं असतंय!" "माझ्या आज्याकडं हाय!" "पाखराला लागत न्हाई रे, नुसतं भ्या दावायचं!" तिने हात वर केला. सगळे थांबले. हात खाली आला आणि गोष्ट पुढे सुरू झाली. असे ती चार-पाचदा थांबली. कधी मुलांना पुढचे सांगायला लावले, कधी मागचे पुन्हा ऐकवले. एका ठिकाणी एका मुलीने समरीनच्या आधीच शेवट सांगून टाकला आणि तो समरीनच्या शेवटापेक्षा चांगला होता.

पाठ संपला. केंद्रप्रमुख उठले. "मॅडम, एक सांगा. त्या पोराला कळलं न्हाई, हे तुमाला कसं कळलं? त्यानं हात तर वर केला न्हाई."

तिने लिहिले: पाय हलवत होता. थांबला.

त्यांनी वाचले. पुन्हा वाचले. त्या मुलाच्या पायांकडे पाहिले. ते आता मजेत हलत होते. मग त्यांनी घसा खाकरला. "बरं. ऑफिसचं आमी बगून घिऊ. वर्ग तुमचाच."

मी खिडकीचा गज धरून होतो. मला वाटले ती माझ्याकडे बघेल. ती फळ्याकडे वळली. डस्टर घेतले, वार आणि तारीख पुसली, खडू उचलला आणि त्या जागी नवा वार, नवी तारीख लिहिली.

मुलांमध्ये गडबड उडाली. "बाई, चुकलं! आज सोमवार हाय! तुमी मंगळवार लिवलाव!"

ती वळली. तिचे खांदे हलू लागले. ती हसत होती.

"बाई, पुसा की! त्ये उद्याचं हाय!"

तिने मान डोलावली, हो, हो, आणि डस्टर पाठीमागे लपवले.